वाट दाखविणारे यंत्र आणि उत्तर देणारे यंत्र

कारखान्यात नवे यंत्र आले की कामगार चळवळीतल्या माणसांना दोन प्रश्न विचारण्याची सवय असते. पहिला असा की, हे यंत्र जे काम करणार ते आजवर कोण करीत होते? दुसरा असा की, हे यंत्र चुकले तर जबाबदारी कोणाची? यंत्राला विरोध करावयाचा म्हणून आम्ही हे प्रश्न विचारीत नाही. यंत्र समजून घेण्यास ह्या दोन प्रश्नांहून चांगली किल्ली आम्हांला आजवर सापडलेली नाही, एवढेच. आज ज्या यंत्राविषयी बोलावयाचे आहे ते आपल्या गावच्या कोणत्याही शेडमध्ये उभे नाही. ते आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे असे वाटते; प्रत्यक्षात ते दूर कोठेतरी हजारो संगणकांच्या कोठारांत चालत असते. इंटरनेटवर माहिती शोधून देणारे शोधयंत्र, बोलताना आपण ज्याला सर्च इंजिन म्हणतो, ते हे यंत्र होय.

गेल्या पस्तीस वर्षांत ह्या यंत्रात सुधारणांमागून सुधारणा होत आल्या. त्यांतील बहुतेक सुधारणा एकाच जातीच्या होत्या : वाट अधिक अचूक दाखविणे. परंतु गेल्या तीन-चार वर्षांत झालेला बदल निराळ्या जातीचा आहे. वाट दाखविणारे हे यंत्र आता स्वतःच उत्तर देऊ लागले आहे. वाटाड्याने गाव दाखविणे आणि गावातली हकिकत त्यानेच सांगणे, ह्या दोहोंत जो फरक आहे तोच हा फरक. त्याचे बरेवाईट परिणाम नीट उमगावेत म्हणून आरंभापासून क्रमाने जाऊ.

सूची कशी तयार होते

पुष्कळांची अशी समजूत असते की, आपण प्रश्न लिहिला की यंत्र जगभर धावत सुटते आणि उत्तर घेऊन येते. तसे होत नाही. शोधयंत्राचे काम आपण प्रश्न विचारण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते, आणि त्याचे तीन भाग असतात.

पहिला भाग गोळा करण्याचा. क्रॉलर नावाचा प्रोग्राम एक पान उघडतो, त्याची नक्कल ठेवतो, त्या पानावर दुसऱ्या पानांच्या ज्या लिंक दिलेल्या असतात त्या धरून पुढच्या पानांवर जातो. आणि हे रात्रंदिवस चालू राहते. दुसरा भाग सूची करण्याचा. जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते. 'गिरणी' हा शब्द कोणकोणत्या पानांवर आला आहे ते तेथे पाहावयास मिळते. जमविलेल्या सर्व पानांची तशीच सूची यंत्र करून ठेवते. आपण 'गिरणी संप' असे दोन शब्द लिहिले की ते दोन्ही शब्दांच्या याद्या काढते आणि ज्या पानांवर दोन्ही शब्द आहेत ती पाने बाजूला करते. त्या क्षणी ते इंटरनेट वाचीत नसते, आपली सूची वाचीत असते. म्हणूनच उत्तर निमिषात येते. आणि म्हणूनच जे पान सूचीत नाही ते शोधणाऱ्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. तिसरा भाग क्रम लावण्याचा. बाजूला काढलेली पाने लाखांनी असतील तर त्यांतले पहिले कोणते आणि दहावे कोणते, हे ठरविणे सर्वांत अवघड.

१९९० साली कॅनडातील माँट्रियल येथे मॅकगिल विद्यापीठात ॲलन एम्टेज ह्यांनी 'आर्ची' नावाचे साधन तयार केले. त्यात फायलींच्या फक्त नावांची सूची होती. आतला मजकूर शोधता येत नसे. १९९४ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग आणि डेव्हिड फिलो ह्यांनी याहूची सुरुवात केली, ती माणसांनी हाताने वर्गवार लावलेली यादी होती. ते काम ग्रंथपालाचे, आणि ते ग्रंथपालाच्याच पद्धतीने चालले होते. परंतु पाने वाढण्याचा वेग असा की माणसांचे हात पुरेनात. डिसेंबर १९९५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ह्या कंपनीने आल्टाव्हिस्टा हे शोधयंत्र लोकांसाठी खुले केले. त्यात पानांतल्या सर्व मजकुराची सूची फार मोठ्या प्रमाणावर केलेली होती. आमच्या पहिल्या प्रश्नाचे येथवरचे उत्तर सोपे आहे : यंत्राने सूचीकाराचे काम अंगावर घेतले.

शिफारशीचे वजन

आता अडचण क्रमाची. एखादा शब्द पानावर अधिक वेळा आला तर ते पान वर धरावे, अशी ढोबळ रीत आरंभी पुष्कळ चाले. व्यापारी माणसाने तिच्यावर लगोलग उपाय शोधला. पानाच्या तळाशी तोच तो शब्द शंभर वेळा लिहून ठेवला की झाले. १९९८ साली स्टॅनफर्डमधील लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन ह्या दोघा विद्यार्थ्यांनी आपल्या गूगल नावाच्या यंत्राचा निबंध प्रसिद्ध केला. त्या वेळी त्यांच्या सूचीत सुमारे २ कोटी ४० लक्ष पाने होती. त्यांची कल्पना अशी की, एका पानाने दुसऱ्या पानाची लिंक दिली म्हणजे त्याची शिफारस केली असे धरावे.

परंतु शिफारशी नुसत्या मोजल्या तर तीच लबाडी पुन्हा होणार. म्हणून त्यांनी शिफारशीला वजन दिले. नोकरीसाठी आलेल्या शिफारसपत्राचेच उदाहरण घ्या. पत्र कोणी दिले ह्यावर त्याचे वजन ठरते. ज्याची स्वतःची शिफारस मान्यवरांनी केली आहे त्याचा शब्द भारी. शिवाय जो मनुष्य दिवसाला हजार जणांना पत्रे वाटतो, त्याच्या एकेका पत्राची किंमत हजाराव्या हिश्श्यावर येते. पेजरँक ह्या नावाने प्रसिद्ध असलेल्या गणिताचा गाभा हाच आहे. विद्वानांच्या निबंधांत कोण कोणाचा हवाला देतो ते मोजण्याची पद्धत युजीन गारफील्ड ह्यांनी पूर्वीच रूढ केली होती. १९६४ साली त्यांनी विज्ञानातील हवाल्यांची सूची प्रसिद्ध केली. पेज आणि ब्रिन ह्यांनी तीच दृष्टी इंटरनेटला लावली.

येथे एक गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे. ह्या यंत्राची बुद्धी यंत्राची नव्हती. चांगले काय, हे लक्षावधी माणसांनी वाचून ठरविले होते आणि आपापल्या पानांवर लिंक देऊन नोंदविले होते. यंत्राने त्या निवाड्यांची बेरीज केली. बेरीज करण्याची युक्ती थोर होती ह्यात शंका नाही. पण बेरजेतले आकडे लोकांच्या श्रमाचे होते. पुढे लिंकचीही खरेदी-विक्री सुरू झाली, आणि केवळ यंत्राच्या नजरेस पडावे म्हणून निकस मजकूर छापण्याचे कारखाने निघाले. त्यांना आळा घालण्यासाठी गूगलने फेब्रुवारी २०११ मध्ये 'पांडा' आणि एप्रिल २०१२ मध्ये 'पेंग्विन' ह्या नावांच्या सुधारणा केल्या. पहिलीचा रोख निकस मजकुरावर, दुसरीचा खोट्या लिंकांवर.

शब्दांकडून अर्थाकडे

सूची शब्दांची असते, आणि माणूस विचारतो अर्थ. 'टिळक' असे कोणी लिहिले तर त्याला लोकमान्य हवेत, पुण्यातला रस्ता हवा, की कपाळावरचा टिळा? शब्द तोच, वस्तू तीन. मे २०१२ मध्ये गूगलने ह्यासाठी 'नॉलेज ग्राफ' आणला. त्यात व्यक्ती, स्थळे, संस्था, ग्रंथ अशा ५० कोटी वस्तूंची आणि त्यांच्या परस्परसंबंधांच्या साडेतीनशे कोटी विधानांची नोंद आरंभीच होती. अमुक व्यक्ती, तिचे जन्मगाव, तिचा ग्रंथ अशी साखळी यंत्राजवळ तयार असल्यामुळे शोधाच्या बाजूस माहितीची चौकट दिसू लागली.

दुसरी अडचण नव्या प्रश्नांची. गूगलनेच सांगितले आहे की, रोज येणाऱ्या प्रश्नांपैकी सुमारे १५ टक्के प्रश्न त्यापूर्वी कोणीही विचारलेले नसतात. अशा वेळी पूर्वानुभवाचा उपयोग होत नाही. म्हणून शब्दांना आकड्यांत बसविण्याची विद्या उपयोगात आली. प्रचंड मजकूर वाचवून घेऊन यंत्राला प्रत्येक शब्दासाठी शेकडो आकड्यांचा एक पत्ता तयार करावयास लावतात. जे शब्द सारख्या संगतीत येतात त्यांचे पत्ते जवळजवळ पडतात. 'पगार', 'वेतन' आणि 'मजुरी' हे शेजारी होतात. 'आंबा' दूरच्या आळीत जातो. मग प्रश्नात 'पगार' आणि पानावर 'वेतन' असे असले तरी दोघांची गाठ पडते. २०१५ साली जाहीर झालेली 'रँकब्रेन' ही सुधारणा ह्याच मार्गातली होती.

ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेली 'बर्ट' ही सुधारणा त्याहून सूक्ष्म आहे. तिच्या कर्त्यांनी दिलेले उदाहरण असे : ब्राझीलच्या प्रवाशाला अमेरिकेत जाण्यास व्हिसा लागतो काय, असे कोणी इंग्रजीत विचारले. पूर्वीचे यंत्र ब्राझील, प्रवासी, अमेरिका, व्हिसा एवढे मोठे शब्द घेई आणि उलट अमेरिकनांनी ब्राझीलला जाण्याची माहिती पुढे करी. कोठून कोठे, हे सांगणारा चिमुकला शब्द त्याच्या हिशेबी नव्हता. बर्ट वाक्यातला प्रत्येक शब्द त्याच्या मागच्या-पुढच्या सर्व शब्दांच्या संदर्भात वाचते. आरंभी अमेरिकेतील दर दहा इंग्रजी प्रश्नांपैकी एकाला तिचा उपयोग झाला. त्याच वर्षअखेर ती ७० हून अधिक भाषांना लावण्यात आली.

मराठी माणसाला ह्या सुधारणेचे मर्म इंग्रजापेक्षा लवकर कळावे. 'मुंबईहून पुण्याला' आणि 'पुण्याहून मुंबईला' ह्यांतील गावे तीच. सारा अर्थ प्रत्ययात. आणि आमच्या भाषेत प्रत्यय लागताना मूळ शब्दही रूप पालटतो. 'पाणी' शोधणाऱ्याला 'पाण्याचा' असलेले पान मिळावयाचे तर यंत्राला सामान्यरूप ठाऊक हवे. नुसती अक्षरे जुळविणारे यंत्र मराठीत अर्धे आंधळे असते.

मराठीची आणखी एक अडचण यंत्राची नव्हती, आपली होती. जगातल्या लिप्यांना संगणकात एकच ठरलेले संकेत देणाऱ्या युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले होते. तरी पुढे कित्येक वर्षे आपल्याकडचा मजकूर निरनिराळ्या छापखान्यांच्या निरनिराळ्या फाँटांत लिहिला जाई. डोळ्यांना तो मराठी दिसे; आत मात्र रोमन अक्षरांचे संकेत असत. यंत्र बिचारे 'कामगार' हा शब्द शोधी आणि त्याला तो कोठेच दिसत नसे. संघटनांची पत्रके, संस्थांचे अहवाल, नियतकालिकांचे जुने अंक, असा कितीतरी मजकूर ह्या कारणाने सूचीबाहेर राहिला.

बोलून आणि दाखवून

ज्या सुधारणांविषयी आम्ही मोकळ्या मनाने समाधान व्यक्त करतो त्या ह्या. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलचा बोलून शोध मराठीसह आठ भारतीय भाषांत सुरू झाला. ज्याला टंकलेखन जमत नाही, ज्याचे शिक्षण चौथीपर्यंत झाले, ज्याची दृष्टी अधू आहे, त्याला प्रथमच ह्या यंत्राचे दार उघडले. धुणीभांडी करणारी बाई मोबाइलशी बोलून दवाखान्याची वेळ विचारते, हा बदल लहान म्हणू नये.

त्याच वर्षी 'लेन्स' आली. तिच्यामुळे शब्दाऐवजी चित्र पुढे करता येऊ लागले. मोटारीचा तुटलेला भाग, अनोळखी रोप, परभाषेतली पाटी, ह्यांचे छायाचित्र दाखविले की यंत्र त्यासारख्या चित्रांशी ताडून पाहते. २०२२ पासून चित्र आणि शब्द एकत्र देऊन विचारता येते. ज्या वस्तूचे नावच ठाऊक नाही ती शोधावी कशी, हा जुना पेच होता. तो बराचसा सुटला.

यंत्र उत्तर देऊ लागते

येथवर यंत्र कितीही हुशार झाले तरी शेवटी ते आपल्याला कोणाच्या तरी दारी नेऊन सोडीत होते. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ओपनएआय ह्या कंपनीने चॅटजीपीटी खुले केले आणि लोकांना वाक्यांत विचारून वाक्यांत उत्तर घेण्याची गोडी लागली. फेब्रुवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या बिंग ह्या शोधयंत्राला तशी संभाषणाची सोय जोडली. गूगलने मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात यादीच्या डोक्यावर स्वतः रचलेला सारांश द्यावयास आरंभ केला. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस चॅटजीपीटीतही शोधाची सोय आली. २०२५ पासून गूगलच्या 'एआय मोड'मध्ये एका प्रश्नाचे अनेक पोटप्रश्न पाडून, त्या सर्वांचे शोध एकदम घेऊन, सलग उत्तर लिहून मिळते.

हे उत्तर तयार होते कसे? यंत्र प्रथम पूर्वीप्रमाणेच सूचीतून पाने काढते. नंतर ती पाने लँग्वेज मॉडेल म्हणजे भाषेचे प्रतिरूप असलेल्या प्रोग्रामकडे सोपविते. अफाट मजकूर वाचून पुढचा शब्द कोणता संभवतो ह्याचा अंदाज करण्यात तो तरबेज झालेला असतो. त्याची भाषा सफाईदार असते. परंतु सफाई हा त्याचा स्वभाव आहे, खरेपणाचा दाखला नव्हे. खरे वाक्य आणि खोटे वाक्य तो सारख्याच आत्मविश्वासाने लिहितो.

मे २०२४ मध्येच ह्याचा अनुभव जगाला आला. पिझ्झावरचे चीज घसरते, काय करावे, ह्या प्रश्नाला यंत्राने सॉसमध्ये डिंक मिसळण्याचा सल्ला दिला. कोणी एकाने कित्येक वर्षांपूर्वी थट्टेने लिहिलेले वाक्य त्याने खरे मानले होते. दगड किती खावेत, असे विचारले असता रोज निदान एक लहान दगड खावा असे उत्तर आले. त्याचे मूळ 'द ओनियन' ह्या विनोदी पत्रातील लेखात होते. कारणही ध्यानात घेण्याजोगे आहे. दगड खाण्याविषयी गंभीरपणे कोणी लिहिलेलेच नव्हते. जेथे शहाण्याचे लेखन नसते तेथे यंत्राला विदूषकाचे लेखन सापडते. पूर्वीच्या यादीत त्या पत्राचे नाव दिसले असते आणि वाचणारा हसून पुढे गेला असता. सारांशात नाव मागे पडले आणि वाक्य पुढे आले.

दगड कोणी खाणार नाही. धोका आहे तो जेथे उत्तर संभवनीय वाटते तेथे. आमच्या परिचयाच्या क्षेत्रातलेच उदाहरण घेऊ. एखादा कामगार विचारतो : "मी तीन वर्षे नोकरी केली, मला ग्रॅच्युइटी मिळेल काय?" १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याप्रमाणे सामान्यतः सलग पाच वर्षांची सेवा लागे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता अंमलात आल्या. त्यांतील सामाजिक सुरक्षा संहितेप्रमाणे ठराविक मुदतीच्या करारावर नेमलेल्या कामगारास एक वर्षाच्या सेवेनंतर त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. कायम कामगाराला पाच वर्षांची अट राहिलीच आहे; श्रमिक पत्रकाराला ती तीन वर्षांची आहे; आणि मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास ही अट लागू नाही. तेव्हा त्याच तीन वर्षांच्या सेवेला एकाच्या बाबतीत 'नाही' आणि दुसऱ्याच्या बाबतीत 'होय' असे उत्तर आहे, आणि दोन्ही खरी आहेत.

आता शोधयंत्राच्या सूचीत २०२५ पूर्वीची असंख्य पाने आहेत, ती पाच वर्षे म्हणतात. नंतरची पाने आहेत, त्यांतली काही घाईने 'आता एका वर्षात ग्रॅच्युइटी' एवढेच म्हणतात. दहा दुव्यांच्या जुन्या यादीत हा विरोध उघड दिसतो. एक पान हे म्हणते, दुसरे ते म्हणते, तारखा निरनिराळ्या आहेत. माणूस थबकतो, चौकशी करतो. सलग लिहिलेल्या परिच्छेदात हा विरोध इस्त्री फिरवल्यासारखा सपाट होण्याचा संभव असतो. चांगले यंत्र अटी सांगतेही. पण घाईतला माणूस पहिले वाक्य वाचतो. युनियनच्या कचेरीत हल्ली कामगार प्रश्न घेऊन येत नाहीत, उत्तर घेऊन येतात. ते उत्तर 'नाही' असे असेल आणि खरे उत्तर 'होय' असेल, तर मनुष्य हक्काचा पैसा न मागताच घरी बसतो. तो आमच्याकडे येतच नाही, आणि त्याची मोजदाद कोठेच होत नाही.

काम कोणाचे, जबाबदारी कोणाची

आता आमचे दोन प्रश्न पुन्हा विचारू. हे नवे यंत्र कोणाचे काम करते? ते लेखकाचे, बातमीदाराचे, सल्लागाराचे काम करीत आहे असे दिसते. परंतु सारांश रचावयास आधी कोणीतरी लिहिलेले असावे लागते. आजवर एक अलिखित करार होता. लेखकाने आपले पान यंत्राला वाचू द्यावे आणि यंत्राने त्याच्याकडे वाचक पाठवावेत. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने मार्च २०२५ मधील ९०० प्रौढ व्यक्तींच्या शोधांची पाहणी केली. सारांश नसलेल्या वेळी १५ टक्के भेटींत लोकांनी यादीतील एखादी लिंक उघडली. सारांश असताना ८ टक्के भेटींत. खुद्द सारांशात दिलेली मूळ लिंक उघडणारे अवघे १ टक्का निघाले. सप्टेंबर २०२५ मध्ये पेन्स्के मीडिया ह्या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने ह्याच तक्रारीवरून गूगलवर दावा लावला. विहिरीचे पाणी सगळ्यांनी भरावे आणि गाळ काढण्याची पाळी कोणाचीच नसावी, अशी ही स्थिती आहे. मराठीसारख्या भाषेला, जिच्यात मुळातच इंटरनेटवरचा भरवशाचा मजकूर कमी आहे, तिला ह्याची झळ अधिक लागेल.

दुसरे कामकरी तर दिसतच नाहीत. शोधाचे निकाल बरे की वाईट हे तपासणारे सुमारे १६,००० परीक्षक गूगल बाहेरच्या कंपन्यांमार्फत जगभर नेमते. ते पानांचा क्रम थेट बदलीत नाहीत. नवी सुधारणा उपयोगी आहे की नाही, हे त्यांच्या गुणांवरून ठरते. ह्या परीक्षकांसाठीचे नियम २०१५ साली कंपनीने प्रसिद्ध केले. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांत प्रत्यक्ष अनुभवाची कसोटी घालण्यात आली. अमेरिकेत अशा एका कंत्राटी कंपनीतील परीक्षकांनी अल्फाबेट वर्कर्स युनियनच्या साह्याने चळवळ केली, आणि २०२३ च्या आरंभी त्यांचे ताशी वेतन १० डॉलरांच्या आसपास होते ते १४ ते साडेचौदा डॉलरपर्यंत वाढले. यंत्राच्या शहाणपणामागे तासावर काम करणारी माणसे आहेत, हे येथे ऐकणाऱ्यांनी विसरू नये.

जबाबदारीचा प्रश्न त्याहून अवघड आहे. वाटाड्या वाट चुकला तर चूक वाटेपुरती असते. गावातल्या माणसाच्या शब्दाला तो माणूस जबाबदार असतो. उत्तर यंत्राने रचले तर शब्द कोणाचा? खाली बारीक अक्षरांत 'चुका असू शकतात' अशी सूचना असते. आमच्या चळवळीत सही नसलेल्या पत्रकावर कोणी विसंबत नाही, कारण उद्या जाब कोणाला विचारावा हे कळत नाही. ह्या उत्तराखाली सही नाही.

त्यात मालकी थोड्या हातांत आहे. ५ ऑगस्ट २०२४ रोजी वॉशिंग्टन येथील न्यायाधीश अमित मेहता ह्यांनी गूगलने शोधाच्या धंद्यात बेकायदा मक्तेदारी राखली असा निर्णय दिला. मोबाइल आणि ब्राउझर ह्यांत आपलेच यंत्र आधीपासून बसवलेले असावे म्हणून कंपनीने २०२१ ह्या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर दिल्याचे त्या खटल्यात उघड झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने क्रोम विकावयास लावण्याची मागणी नाकारली. मात्र इतरांना वगळणाऱ्या करारांना मनाई केली आणि काही माहिती स्पर्धकांना देण्याचा आदेश दिला. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये शोधाच्या निकालांत पक्षपात केल्याबद्दल गूगलला १३५.८६ कोटी रुपये दंड केला होता.

नागरिकाने काय करावे

यंत्र टाकून द्या असे सांगावयास आम्ही आलेलो नाही. ज्या माणसाला वकिलाची फी परवडत नाही, ज्याच्या गावी ग्रंथालय नाही, त्याला हे साधन मोठाच आधार आहे. परंतु हत्यार वापरण्याची रीत असते, तशी ह्याचीही आहे.

पहिली गोष्ट, पैसा, आरोग्य आणि कायदा ह्या तीन बाबतींत सारांशावर थांबू नये; त्यातली लिंक उघडावी. ते पान कोणाचे आणि कोणत्या तारखेचे, हे दोन प्रश्न विचारावेत. निकालाच्या बाजूला तीन ठिपके असतात. ते दाबले असता त्या स्थळाविषयी थोडी माहिती मिळते. दुसरी गोष्ट, केवळ पानांची यादी हवी असेल तर गूगलवर मे २०२४ पासून 'वेब' असा पर्याय आहे. तो निवडला म्हणजे सारांश बाजूला राहतो. तिसरी गोष्ट, नेमके शब्द हवे असतील तर ते अवतरणचिन्हांत लिहावेत, म्हणजे शोध त्याच शब्दांना धरून राहतो. चौथी गोष्ट, प्रश्न तपशिलासह विचारावा. 'ग्रॅच्युइटी मिळेल काय' ह्यापेक्षा नेमणूक कायम की मुदतीची, नोकरी केव्हा लागली, केव्हा सुटली, हे सांगून विचारले तर उत्तर पुष्कळ सुधारते. आणि पाचवी गोष्ट संस्थांसाठी. ग्रंथालये, पतपेढ्या, संघटना, नगरपालिका ह्यांनी आपली माहिती साध्या मराठीत, युनिकोडमध्ये, तारीख आणि नाव घालून प्रसिद्ध करावी. यंत्राने चांगले सांगावे असे वाटत असेल तर त्याला वाचावयास चांगले मिळाले पाहिजे.

एवढे करूनही काही गोष्टी यंत्राच्या आवाक्याबाहेर राहतील. वर ज्या कामगाराचे उदाहरण दिले त्याचा प्रश्न अखेर एका कागदावर येऊन थांबतो : त्याची नेमणूक मुदतीची आहे की कायम. ते त्याच्या नेमणूकपत्रात लिहिलेले आहे, आणि ते पत्र जगातल्या कोणत्याही सूचीत नाही. ते त्याच्या घरी पत्र्याच्या पेटीत आहे. त्याने ते पत्र शोधावे, जाणत्या माणसासमोर ठेवावे, आणि मग मोबाइलवरचे उत्तर त्याच्याशी ताडून पाहावे. ह्या क्रमाने गेले तर यंत्राचा उपयोग होईल.